कुत्र्याचे डोके अचानक थरथरू लागले तर: घाबरायचे कधी, थांबायचे कधी

पाळीव कुत्रा ओसरीवर निवांत पडलेला असतो. अचानक त्याचे डोके 'नाही, नाही' म्हटल्यासारखे आडवे किंवा 'हो, हो' म्हटल्यासारखे वर-खाली हलू लागते. अंग स्थिर, पाय स्थिर, हलते ते फक्त डोके आणि मान. मुले ओरडतात, कोणी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवायला आणतो. तेवढ्यात शेजारून आवाज येतो, "पिसाळला वाटते, दूर व्हा!" दोन-तीन मिनिटांत हालचाल थांबते आणि कुत्रा शेपटी हलवत उठतो.

ढाणकी, उमरखेड किंवा पैनगंगेच्या काठच्या कोणत्याही गावात 'पिसाळला' हा शब्द कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो. अशा कुत्र्याला लोक हाकलतात, मारतात. दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. कपाशीवर फवारणी चालू असलेल्या दिवसांत थरथरणारा कुत्रा "थोड्या वेळाने ठीक होईल" म्हणून तसाच ठेवला, तर रात्रीतून दगावू शकतो.

थरथर किती जोराची आहे यावरून आजार ओळखता येत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात: कुत्रा त्या वेळी शुद्धीवर आहे का, थरथर झोपेत थांबते का, आणि गेल्या काही तासांत तो कुठे फिरला, काय चाटले, अंगाला काय लावले. पशुवैद्यक तुम्हाला हेच विचारतील. त्यामुळे उत्तरे तयार असली की निम्मे काम होते.

पहिली दोन मिनिटे

आधी कुत्र्याला हात लावू नका. मोबाइल काढा आणि व्हिडिओ घ्या. हे विचित्र वाटेल, पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत बहुतेक कुत्री पूर्ण बरी दिसतात आणि डॉक्टरांकडे फक्त तुमचे वर्णन उरते. व्हिडिओमध्ये डोके, डोळे आणि चारही पाय दिसू द्या.

मग त्याला नेहमीच्या नावाने हाक मारा. तो तुमच्याकडे पाहतो का? कान टवकारतो का? उठून चालत येतो का? बिस्किटाचा किंवा भाकरीचा तुकडा थोड्या अंतरावर ठेवा. तो वास घेऊन खायला आला आणि खाता खाता थरथर थांबली, तर हे चांगले लक्षण आहे. मात्र जो कुत्रा प्रतिसाद देत नाही, आडवा पडला आहे किंवा ज्याच्या तोंडातून लाळ गळते आहे, त्याला काहीही खायला-प्यायला देऊ नका. ते श्वासनलिकेत जाते.

कांदा, चप्पल, तोंडात चमचा, डोक्यावर बादलीभर पाणी यांतल्या कशाचाही उपयोग नाही. तोंडात हात घालणे तर सर्वांत धोक्याचे. आकडीत कुत्रा जीभ गिळत नाही, पण जबडा मिटला तर तुमचे बोट जाऊ शकते.

निरुपद्रवी थरथर: आजार कमी, सवय जास्त

धडधाकट कुत्र्यात फक्त डोके हलण्याचा एक प्रकार पशुवैद्यकांना चांगला माहीत आहे. त्याला इडिओपॅथिक हेड ट्रेमर सिंड्रोम म्हणतात. इडिओपॅथिक म्हणजे तपासूनही कारण न सापडलेला. बुलडॉग, बॉक्सर, डॉबरमन आणि लॅब्राडोर या जातींत तो जास्त दिसतो, पण मिश्र जातीच्या कुत्र्यांतही आढळतो. २०१५ साली अशा २९१ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही याच चार जाती पुढे होत्या आणि बहुतेक कुत्र्यांना पहिला झटका वयाच्या चार वर्षांच्या आत आला होता.

याची ओळख अशी. डोके एका ठरावीक लयीत, आडवे किंवा उभे हलते. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत चालते, क्वचित जास्त. कुत्रा पूर्ण शुद्धीवर असतो, हाकेला वळतो, चालू शकतो. बहुधा तो विश्रांती घेत असताना, पेंगताना किंवा नुकता जागा झाल्यावर हे सुरू होते आणि लक्ष दुसरीकडे वळले की थांबते. थांबल्यावर तो लगेच पहिल्यासारखा असतो. गुंगी नाही, अडखळणे नाही, लघवी सुटणे नाही. काही कुत्र्यांना दिवसातून दोनदा होते आणि मग कित्येक महिने काहीच होत नाही.

मेंदूतली किंवा मानेच्या स्नायूंतली कोणती यंत्रणा यामागे आहे हे अजून नक्की ठरलेले नाही. पण यात कुत्र्याला वेदना होत असल्याची चिन्हे दिसत नाहीत, आयुष्य कमी होत नाही आणि फिट्सची औषधे सहसा लागू पडत नाहीत. म्हणून निदान पक्के झाल्यावर बहुतेक डॉक्टर गोळ्या देत नाहीत. "डॉक्टरांनी काहीच दिले नाही" अशी तक्रार कानावर येते, पण इथे काही न देणे हाच योग्य उपचार असतो.

हे निदान मात्र बाकीची कारणे वगळल्यावरच करायचे असते. घरबसल्या "आमच्या लॅबला तेच असेल" असे ठरवू नका. पहिल्या झटक्यानंतर एकदा तरी तपासणी करून घ्या.

थरथरणे की झटकणे?

इथे एक सोपी गल्लत होते. डोके *थरथरणे* आणि डोके *झटकणे* वेगळे. कान फडफडवत डोके जोराने झटकणारा, कान खाजवणारा, कानाला हात लावला की कुंईकुंई करणारा कुत्रा बहुधा कानाच्या त्रासाने बेजार असतो. कानातला जंतुसंसर्ग, आत शिरलेला गोचीड किंवा गवताचे कुसळ ही नेहमीची कारणे. पावसाळा संपला की माळावरची कुसळे कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात रुततात. कानात तेल ओतू नका, काडी घालू नका. कुसळ आत ढकलले गेले तर पडदा फाटू शकतो. हे काम दवाखान्यात करून घ्यायचे.

फवारणीच्या दिवसांतली थरथर

आपल्या भागात सर्वांत जास्त सावध राहायचे ते इथे. यवतमाळ जिल्ह्याला कीटकनाशकांची विषबाधा काय करते हे वेगळे सांगायला नको. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. माणसाला जे विष त्वचेतून आणि श्वासातून भिनते, तेच शेतावर तुमच्यासोबत आलेल्या कुत्र्यालाही भिनते. त्याच्या पायात चप्पल नसते. ओल्या पऱ्हाटीतून फिरून आला की तो पाय आणि अंग चाटतो. फवारणीचे पाणी कालवलेली बादली, धुऱ्यावर टाकलेला रिकामा डबा, पंप धुतलेले डबके यांना तोंड लावतो.

ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके शरीरातले एक विकर बंद पाडतात. नसेकडून स्नायूला जाणारा इशारा पोहोचल्यावर पुसला जावा, हे त्या विकराचे काम. ते थांबले की इशारा पुसलाच जात नाही, स्नायू थांबायचे विसरतात आणि ग्रंथी पाझरत राहतात. म्हणून इथे थरथर एकटी येत नाही. तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, उलटी, पातळ संडास, आपोआप लघवी, टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक बाहुल्या, धाप आणि अंगभर स्नायूंची वळवळ असे चित्र दिसते. विष अंगात गेल्यापासून काही मिनिटांत ते काही तासांत हे सुरू होते. अशा वेळी थांबून पाहण्यात वेळ घालवायचा नाही, लगेच निघायचे. अॅट्रॉपिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर कुत्रा वाचू शकतो.

निघण्यापूर्वी एवढेच करा. औषधाचा डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो सोबत घ्या. डॉक्टरांसाठी 'पांढरे औषध होते' यापेक्षा लेबलवरचे नाव शंभरपट मोलाचे. अंगावर औषध सांडले असेल आणि कुत्रा शुद्धीवर असेल, तर साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, पण रबरी हातमोजे घालून. उघड्या हाताने कुत्रा धुणाऱ्या माणसालाही विषबाधा होऊ शकते. धुणाऱ्याला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे धूसरपणा, छातीत घट्टपणा जाणवला तर तो आता स्वतः रुग्ण आहे. १०८ ला फोन करा.

मिठाचे पाणी, तेल, ताक, दूध पाजून उलटी करवू नका. थरथरत्या कुत्र्याच्या घशात ओतलेला द्रव पोटाऐवजी फुप्फुसात जातो आणि विषासोबत न्यूमोनियाही होतो.

रानडुकरांसाठी किंवा भटक्या कुत्र्यांसाठी पिठात, मांसात विष कालवून ठेवण्याचा प्रकार अजूनही कानावर येतो. थिमेट या नावाने शेतकऱ्यांना ठाऊक असलेले फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, तरी एखाद्या कोठ्याच्या कोपऱ्यात जुनी पिशवी पडलेली असू शकते. असेल तर ती कुलपाखाली ठेवा आणि कृषी सहायकांना विचारून विल्हेवाट लावा. उकिरड्यावरचे बुरशी आलेले अन्न खाल्ल्यानेही कुत्र्यांना जोराची थरथर सुटते, हे पुष्कळांना माहीत नसते.

गोचिडाचे औषध आणि बैलाचे इंजेक्शन

हा घरगुती चुकीचा प्रकार आहे आणि सहज टाळता येतो. गाई-बैलांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध उरते आणि तेच अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला चोळले जाते. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन या गटातली औषधे जास्त तीव्र झाली किंवा कुत्र्याने ती अंगावरून चाटली, तर डोके, कान आणि पाय थरथरू लागतात. घरात मांजर असेल तर आणखी जपा. या गटातले पर्मेथ्रिन मांजराच्या जिवावर उठते, मग ते नुसते औषध लावलेल्या कुत्र्याशेजारी झोपले तरी.

आयव्हरमेक्टिनचे जनावरांचे इंजेक्शन खरजेसाठी कुत्र्याला परस्पर देणे हाही तसाच धोका. डोस जनावराच्या वजनाचा आणि कुत्रा पंधरा किलोचा. थरथर, डोळ्यांनी न दिसणे, तोल जाणे, गुंगी असा क्रम सुरू होतो. कोली वंशाच्या कुत्र्यांना तर इतरांना चालणारा डोसही सोसत नाही. कुत्र्याला गोचीड झाले तर कुत्र्याचेच औषध, त्याचे वजन करून.

झोपेतही न थांबणारी थरथर: डिस्टेंपर

पिल्लू किंवा लस न घेतलेला तरुण कुत्रा. पंधरा-वीस दिवसांपूर्वी ताप, डोळ्यांत चिपाड, नाकातून घट्ट शेंबूड, खोकला, संडास. मग थोडे बरे वाटले. आणि आता डोक्याच्या एका बाजूचा, जबड्याचा किंवा एका पायाचा स्नायू घड्याळाच्या ठोक्यासारखा उडतो आहे. गाढ झोपेतही उडतो आहे. ही खूण लक्षात ठेवा, कारण निरुपद्रवी थरथर झोपेत थांबते. कधी तोंड च्युइंग गम चघळल्यासारखे हलते, तळपायाच्या गाद्या कडक होतात.

हा डिस्टेंपरचा विषाणू. माणसाच्या गोवराच्या विषाणूच्या कुळातला, पण माणसाला होत नाही. विषाणू मारणारे औषध नाही. ताप, पाणी, फिट्स यांवर आधाराचे उपचार करावे लागतात आणि काही कुत्री त्यातून तगतात. वाचलेल्या कुत्र्यात स्नायू उडणे आयुष्यभर राहू शकते. खात-पीत असेल, चालत असेल, तर असा कुत्रा वर्षानुवर्षे घरात राहतो. केवळ दिसायला वाईट दिसते म्हणून त्याला सोडून देऊ नका.

लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून, तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत द्यायची असते. एकच डोस देऊन थांबणे हे डिस्टेंपर होण्याचे नेहमीचे कारण. ढाणकीच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य आहे हेही विसरू नका. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात सिंह मरू लागले तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचाच विषाणू सापडला होता. गावातल्या कुत्र्यांचे लसीकरण हा जंगलाच्याही आरोग्याचा प्रश्न आहे.

नुकती व्यायलेली कुत्री आणि लहान पिल्ले

पिल्ले झाल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत कुत्री थरथरू लागली, धापा टाकू लागली, पाय ताठ करून चालू लागली, तर रक्तातले कॅल्शियम घसरले असण्याची शक्यता मोठी. दूध देण्यात ते खर्च होते. पिल्ले बाजूला घ्या आणि त्याच दिवशी नव्हे, त्याच तासाला दवाखाना गाठा. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले की काही मिनिटांत फरक दिसतो. पोमेरेनियनसारख्या छोट्या जातीचे उपाशी पिल्लू थरथरत असेल तर साखर कमी झालेली असू शकते. ते शुद्धीवर असेल तर हिरड्यांना थोडे साखरेचे पाणी चोळा आणि निघा.

आकडी कशी ओळखायची?

खऱ्या फिटमध्ये कुत्र्याचे भान जाते. तो आडवा पडतो, पाय मारतो, तोंडाला फेस येतो, लघवी-संडास होते, आणि नंतर अर्धा-एक तास आंधळ्यासारखा भिंतींना धडकत फिरतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली किंवा चोवीस तासांत दुसऱ्यांदा आलेली फिट ही तातडीची बाब आहे. घरातल्या कोणाच्या मिरगीच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. अर्धवट फिटमध्ये फक्त तोंड किंवा डोके हलते. ती निरुपद्रवी थरथरीसारखी दिसू शकते, म्हणून व्हिडिओचे महत्त्व.

"पिसाळला तर नाही ना?"

आता मूळ भीतीकडे येऊ. फक्त डोके हलते, मधल्या काळात कुत्रा खातो-पितो, घरच्यांना ओळखतो, आणि असा झटका दोन महिन्यांपूर्वीही येऊन गेला, तर ते रेबीजचे चित्र नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागली की कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. महिनोन् महिने मधूनच थरथरून पुन्हा ठणठणीत होत नाही.

रेबीजमध्ये स्वभाव बदलतो. प्रेमळ कुत्रा विनाकारण चावतो किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसतो, भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, माती-लाकूड चावतो, मागचे पाय लटपटतात. दुसरा, शांत प्रकार जास्त फसवा असतो. जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही आणि घरच्यांना वाटते घशात हाड अडकले. ते काढायला तोंडात हात घालतात. जबडा लोंबलेल्या कुत्र्याच्या तोंडात कधीही हात घालू नका. आणि "पाणी पितो, म्हणजे पिसाळलेला नाही" ही समजूत सोडा. पाण्याची भीती हे रेबीज झालेल्या माणसाचे लक्षण आहे, कुत्रा पाण्याजवळ जाऊ शकतो.

थरथरत्या कुत्र्याला सावरताना दात लागला, ओरखडा उठला किंवा त्याची लाळ जखमेवर, डोळ्यांत, तोंडात गेली, तर कुत्र्याचे निदान होण्याची वाट पाहू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका. त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जा. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात, दंडात देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८. रक्त आले असेल, किंवा लाळ जखमेत, डोळ्यांत वा तोंडात गेली असेल, तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. कुत्रा दहा दिवस बांधून, खायला घालून नजरेखाली ठेवा. तो दहा दिवस निरोगी राहिला तर पुढचे डोस कसे द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. धडधाकट त्वचेवर नुसती लाळ लागली असेल तर धुणे पुरेसे आहे.

दवाखान्यात काय होते?

पशुवैद्यक ताप, बाहुल्या, कान, चाल आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात. गरज पडली तर रक्तातली साखर, कॅल्शियम, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या करतात. मेंदूचा एमआरआय मोजक्याच कुत्र्यांना लागतो. वाढत जाणारी थरथर, तोल जाणे, मान तिरकी होणे किंवा म्हातारपणी पहिल्यांदाच आलेला झटका ही त्याची कारणे. पुढच्या तपासण्यांसाठी परभणी आणि नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. कुठे जायचे हे सुचत नसेल तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर सल्ला विचारता येतो.

निदान झाल्यावर घरी

निरुपद्रवी थरथर आहे असे डॉक्टरांनी सांगितले, तर कॅलेंडरवर झटक्याची तारीख, वेळ आणि किती मिनिटे चालला एवढे लिहीत जा. झटका आला की आरडाओरडा न करता त्याला हाक मारा, एखादा तुकडा द्या, फिरवून आणा. झटके वाढले, भान जाऊ लागले किंवा नवे लक्षण दिसले, तर वही आणि व्हिडिओ घेऊन पुन्हा जा.

आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी द्या. लसीकरणाचे कार्ड घरात हाताशी ठेवा आणि कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असू द्या. गल्लीतल्या मुलांना एकदा व्हिडिओ दाखवा: हा असा डोके हलवतो, तेव्हा याला हात लावू नका, दगड मारू नका, आमच्या घरी येऊन सांगा.